सीपीयू मेला म्हणजे नेमकं काय मेलं?

मे संपत आला होता, नवतपा म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस तोंडावर. भर दुपारी नागपुरातल्याच सक्करदऱ्याहून काकांचा फोन. "अरे, हा कॉम्प्युटर चालू नाही होऊन राहिला. अन् दारात कबाडी उभा आहे. देऊन टाकू का? किलोनं घेतो म्हणते."

मी म्हटलं, "काका, त्याला थंड पाणी द्या अन् पुढच्या आठवड्यात बोलवा. मी संध्याकाळी ऊन उतरलं की येतो."

घरोघरी जुन्या कॉम्प्युटरचा निकाल असाच लागतो. मशीन वर्षभर बंद पडून असतं. त्यावर काकूंनी विणलेलं कव्हर चढतं, कव्हरवर पेपरची रद्दी चढते आणि मग एक दिवस गल्लीत हाक ऐकू आली की दोन मिनिटांत फैसला होतो. कबाडी लोखंडाचा भाव लावतो. त्यात त्याची लबाडी नाही, त्याचा धंदाच वजनाचा आहे. पण या पेटीत सगळ्यात जड असतो तो पत्रा, आणि कामाची रॅम जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमची.

दुसरा घोळ शब्दाचा. आपण सगळेच त्या उभ्या पेटीला 'सीपीयू' म्हणतो. दुकानदारही म्हणतो, बिलावरही तसंच लिहितो. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, पंख्याखाली दडलेली साधारण काडेपेटीएवढी चौकोनी चकती. गंमत म्हणजे पेटीत सगळ्यात कमी मरणारी वस्तू तीच. इतकी वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांची मशीनं उघडतोय, खरोखर मेलेले प्रोसेसर एका हाताच्या बोटांवर मोजावे एवढेच पाहिले. त्यामुळे "सीपीयू गेला" असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, त्यातलं काय गेलं?

कारण डेस्कटॉप ही एक वस्तू नाहीच. पेटीत वीज देणारा एसएमपीएस असतो, सगळ्यांना जोडणारा मदरबोर्ड असतो, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, दोन-तीन पंखे आणि मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक बटण सेल. प्रत्येकाचं आयुष्य वेगळं, मरायची तऱ्हा वेगळी, किंमत वेगळी. स्कूटर सुरू झाली नाही तर आपण आधी प्लग काढून पाहतो, गाडी विकायला काढत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र एक तीस-चाळीस रुपयांचा सेल संपला म्हणून अख्खं मशीन कबाडात गेलेलं मी पाहिलं आहे.

तेव्हा आधी लक्षणं बघू. डॉक्टरसारखं.

बटण दाबलं आणि काहीच नाही, पंखाही फिरत नाही, दिवाही लागत नाही. इथं आधी प्लग, स्पाइक बस्टर आणि मागची जाड काळी वायर बदलून पाहायची. हसू नका, निम्म्या वेळा तिथंच सुटतं. वायर ठीक असेल तर संशय एसएमपीएसवर.

पंखा फिरतो, पण मॉनिटर काळा. इथं रॅम. पेटीचा प्लग भिंतीतून काढा, बाजूचा पत्रा उघडा, रॅमची पट्टी दोन्ही बाजूंचे चिमटे दाबून बाहेर काढा. खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील. शाळेतल्या पोराचं साधं पांढरं खोडरबर घेऊन ते दात हलक्या हातानं घासा, चुरा झटका, पट्टी 'कट्' आवाज येईपर्यंत परत बसवा. आपल्याकडे कुलरच्या दमट हवेनं त्या दातांवर थर चढतो आणि संपर्क तुटतो. बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, याच कामाचे 'सर्व्हिसिंग' म्हणून पैसे घेतात. घेऊ द्या, पण काय करतात ते माहीत असलेलं बरं.

मशीन चालू होतं, पण तारीख कुठली तरी जुनीच दाखवतं, एफ-१ दाबा म्हणतं, आणि ब्राउझर उघडला की प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडते. हा बटण सेल. सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. घड्याळ मागे पडलं की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं तपासता येत नाहीत, म्हणून इंटरनेट बिघडल्यासारखं वाटतं. एक काका यासाठी चार महिने ब्रॉडबँडवाल्याशी भांडत होते.

वीस मिनिटं चालतं आणि धप्पकन बंद. ही गरमी. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धूळ अडकलेली असते आणि त्याच्याखालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारा लेप, वाळून खडू झालेली असते. पेस्टची ट्यूब स्वस्त मिळते, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि शेवटचं, खूप सावकाश चालतं, अडकतं, पेटीतून टिक-टिक आवाज येतो. हार्ड डिस्क. इथं मात्र एक गोष्ट कान देऊन ऐका: तो आवाज आल्यावर मशीन पुन्हापुन्हा चालू करून बघत बसू नका. आधी त्यातले फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. डिस्क नवी मिळते, पोरीच्या बारशाचे फोटो मिळत नाहीत.

उरतो मदरबोर्ड. बाकी सगळं बदलून पाहिलं तरी मशीन उठत नाही, तेव्हा तो. आणि दुरुस्त करायचं की निकालात काढायचं, हा प्रश्न खऱ्या अर्थानं इथंच सुरू होतो.

संध्याकाळी काकांकडे गेलो तेव्हा कळलं की मशीन एक नाही, दोन आहेत. हॉलमधलं २०१३ सालचं, बर्डीतल्या मोदी नंबर नावाच्या कॉम्प्युटर दुकानांच्या गल्लीतून असेंबल करून घेतलेलं, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री. आणि माळ्यावर दुसरं, २००६ चं पेंटियम, सोबत तो पोटुशा काचेचा मॉनिटर. काका एसटीतून निवृत्त झाले, त्या पेंटियमवर त्यांच्या मुलानं इंजिनिअरिंग केलं, म्हणून ते टाकवलं नाही.

आधी हॉलमधलं उघडलं. आतलं दृश्य नागपूरकरांना सांगायला नको. मशीन नेमकं कुलरच्या झोतात ठेवलेलं. कुलर बाहेरची धूळ ओल्या हवेसकट आत फेकतो, ती हीट सिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पातींवर बसते आणि वाळून तिचं घोंगडं होतं. बोटानं उचलली तर चपातीसारखी अख्खी निघाली. एका कोपऱ्यात पालीचं फुटलेलं अंडं. हे सगळं ब्रशनं साफ केलं, वायर बदलली, तरी पंखा हलेना. मल्टिमीटर लावला. एसएमपीएसमधून येणाऱ्या जांभळ्या वायरवर मशीन बंद असतानाही पाच व्होल्ट यायला हवेत, कारण बटणाची दाब ओळखायला बोर्डाला तेवढी जाग लागते. तिथं दीड व्होल्टही नव्हते. म्हणजे मशीन मेलेलं नव्हतं, त्याचा वीजपुरवठा मेला होता.

एक सूचना मधेच. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. आपल्या २३० व्होल्टच्या विजेचं आत सरळ प्रवाहात रूपांतर होतं तेव्हा कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथंच असतात. तो डबा सरळ बदलायचा असतो.

मग माळ्यावरचं. ते उघडताच निदान डोळ्यांना दिसलं. प्रोसेसरच्या शेजारी उभे असलेले कपॅसिटर, म्हणजे छोट्या पिंपासारखे नळकांडे, त्यातल्या पाचांची डोकी फुगलेली. एकातून तपकिरी रस बाहेर येऊन वाळलेला. काका वाकून म्हणाले, "हे तर पुरी फुगल्यासारखं दिसून राहिलं."

या फुगण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नागपुरात मशीन का मरतात याचं मोठं उत्तर यात आहे. कपॅसिटर विजेचे चढउतार सपाट करतो. एसएमपीएसकडून आलेली वीज प्रोसेसरला पाहिजे तशी स्थिर मिळावी म्हणून तो मधे साठवणीच्या टाकीसारखा उभा असतो. जुन्या प्रकारच्या कपॅसिटरमध्ये आत द्रव रसायन असतं. ते उष्णतेनं हळूहळू वाळतं, आत वायू तयार होतो आणि डोकं फुगतं. त्या डोक्यावर फुलीसारखी चीर मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे फुटलाच तर स्फोट न होता तिथून फाटावा. २००० नंतरची पाच-सात वर्षं तर जगभर सदोष रसायनाचे कपॅसिटर बाजारात आले होते आणि नामांकित कंपन्यांचे बोर्डसुद्धा लाखांनी गेले. काकांचं २००६ चं मशीन त्याच काळातलं.

आता हिशोब. अभियंत्यांचा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की या कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. समजा कपॅसिटरवर '१०५ अंश, २००० तास' असं लिहिलंय. पेटीच्या आत ६५ अंश असतील तर तो साधारण ३२ हजार तास टिकायला हवा. रोज सहा तास वापर धरला तर साडेचौदा वर्षं. पण ज्या गावात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, तिथं खोलीच दहा अंशांनी जास्त तापलेली. आतले ६५ चे ७५ झाले. १६ हजार तास, सव्वासात वर्षं. हा हिशोब वर्षभर उन्हाळा धरून केलाय, खरं आयुष्य मधे कुठंतरी पडेल. पण पुण्याचा भाचा म्हणतो "माझं पंधरा वर्षांचं मशीन अजून चालतं" आणि आपलं सातव्या वर्षी बसतं, त्यात आपला दोष नाही. त्यात उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचे एसी-कुलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज खालीवर होतं, आणि पहिल्या पावसाबरोबर विजा. एसएमपीएस बिचारा ते सगळं अंगावर घेतो.

फुगलेले कपॅसिटर काढून नवे डकवता येतात. बर्डीत अजूनही कसबी हात आहेत, सुट्टे कपॅसिटर काही रुपयांना मिळतात. प्रश्न असा की त्यानंतर हातात काय येतं? वीस वर्षांपूर्वीचं पेंटियम, ज्यात आजचा ब्राउझर धड उघडत नाही.

म्हणून दुसरा प्रश्न: जिवंत केल्यावर ते मशीन करणार काय?

इथं मी तीन गोष्टी बघतो. पहिली, रॅमची जात. डीडीआर-१ किंवा डीडीआर-२ असेल तर माझ्या लेखी विषय संपला. डीडीआर-३ असेल, म्हणजे साधारण २०१० ते २०१५ मधलं मशीन, तर त्यात दम आहे. डीडीआर-४ असेल तर कबाड्याचं नावही काढू नका.

दुसरी, डिस्क. जुनं मशीन सावकाश चालतं त्याचं कारण बहुतेक वेळा प्रोसेसर नसतो, फिरणारी हार्ड डिस्क असते. तिच्यात खरोखर एक तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते आणि एक सुई पुढंमागं सरकून माहिती शोधते. विखुरलेल्या छोट्या फायली शोधताना ती सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा जागा बदलू शकते. एसएसडीत हलणारं काहीच नाही, तेच काम ती सेकंदाला हजारो वेळा करते. डीडीआर-३ च्या काळातल्या जवळपास सगळ्या मशीनमध्ये ती बसते, तीच साटा वायर, तोच कनेक्टर. माझ्या मते जुन्या कॉम्प्युटरवर खर्च करायचा पहिला रुपया एसएसडीवर, दुसरा रॅमवर. तिसरा खिशात.

तिसरी, विंडोज. इथं गेल्या काही दिवसांत फार गोंधळ झालाय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव मुदत घेतली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा असेल तर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्यामुळे २०१७ च्या आधीची बहुतेक मशीनं या रांगेतून बाहेर पडली. याचा अर्थ ती बिघडली असा नाही. दुकानात "साहेब, आता हे चालणारच नाही" असं सांगितलं जातं ते अर्धसत्य आहे. विंडोजच्या जागी टाकता येणारं लिनक्स मिंट फुकट आहे, चार जीबी रॅमवर नीट चालतं, त्यात फायरफॉक्स आहे, लिबरऑफिस आहे, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. पेन्शनची स्लिप, यूट्यूबवरचं कीर्तन, सोसायटीचा हिशोब, नातवंडाशी व्हिडिओ कॉल, एवढंच काम असेल तर माणसाला फरक दोन दिवसांत कळेनासा होतो.

पण टॅली लागत असेल, जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन लागत असेल किंवा प्रिंटर असा असेल की ज्याचा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी मिळतो, तर लिनक्सच्या नादी लागू नका. नंतर शिव्या मलाच पडतात.

एक अपवाद मात्र असा आहे जिथं सगळा हिशोब बाजूला ठेवावा लागतो. नागपूरच्या महाल भागात एक लग्नपत्रिकांचं छापखाना-दुकान आहे. तिथं कोपऱ्यात एक जुन्या विंडोज एक्सपीचं मशीन आहे. त्यात श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे आणि ते चालायला मागच्या बाजूला एक डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावावं लागतं. मालकाकडे वीस वर्षांच्या पत्रिकांचे मजकूर त्या जुन्या फॉन्टमध्ये साठवलेले. आजच्या युनिकोड फॉन्टमध्ये आणायचे तर प्रत्येक जोडाक्षर तपासत बसावं लागेल. त्या मशीनचा मदरबोर्ड दोनदा बदललाय, तोही जुन्यातून शोधून आणून. बाहेरून पाहणाऱ्याला वेडेपणा वाटेल. मी त्यांना एवढंच सांगितलं की त्याला इंटरनेटची वायर लावू नका आणि डिस्कची एक अख्खी नक्कल करून कपाटात ठेवा.

आता पैसे. लोक दुरुस्तीच्या खर्चाची तुलना नव्या कॉम्प्युटरच्या किमतीशी करतात आणि तिथंच चुकतात. पस्तीस-चाळीस हजारांच्या नव्या मशीनपुढे पाच हजारांची दुरुस्ती स्वस्तच वाटणार. तुलना करायची ती त्याच ताकदीच्या सेकंडहँड मशीनशी. बँका आणि आयटी कंपन्यांतून निघालेली ब्रँडेड मशीनं साफसूफ करून बर्डीत विकायला असतात. दुरुस्तीचा आकडा तशा मशीनच्या निम्म्यावर गेला की मी हात आवरता घेतो.

काकांच्या हॉलमधल्या मशीनला नवा एसएमपीएस, एसएसडी आणि चार जीबीची जुनी रॅम मिळून तीन हजारांच्या आसपास गेले. त्याच दिवशी त्याच गल्लीत विचारलेलं बरं सेकंडहँड आठ हजारांच्या खाली नव्हतं. म्हणजे दुरुस्ती. जर मदरबोर्ड गेला असता तर? आय-थ्रीच्या त्या पिढीसाठी एच ६१ चे नवे बोर्ड बाजारात अजून मिळतात, पण कुठल्या कंपनीचे, किती दिवस टिकतील, याची खात्री कोणी देत नाही. मी तरी मग सेकंडहँड घ्या म्हटलं असतं आणि रॅम, डिस्क, मॉनिटर, कीबोर्ड तिकडे वापरले असते.

काकांचं मशीन असेंबल केलेलं होतं हेही पथ्यावर पडलं. असेंबल्ड पेटीत कुठलाही साधा एसएमपीएस बसतो. ब्रँडेड छोट्या पेट्यांमध्ये कंपनी आपल्याच मापाचा एसएमपीएस आणि आपल्याच पिनांचा कनेक्टर देते. मग हजाराचं काम अडीच हजारांवर जातं, किंवा पार्टसाठी पंधरा दिवस थांबावं लागतं. दुरुस्तीचा हक्क म्हणून ज्या मागणीची चर्चा असते ती हीच. केंद्र सरकारनं २०२२ च्या डिसेंबरात त्यासाठी एक पोर्टलही सुरू केलं, तिथं काही कंपन्यांची सुट्या भागांची आणि सर्व्हिस सेंटरची माहिती आहे.

विजेचं बिल हा हिशोबाचा आणखी एक कोपरा. पेंटियमच्या काळातलं मशीन काचेचा मॉनिटर सोडूनही शंभर-सव्वाशे वॉट सहज ओढतं. १२० वॉट, रोज सहा तास, म्हणजे वर्षाला २६० युनिट. आजचा तळहाताएवढा मिनी पीसी वीस वॉटवर तेच काम करतो, ४४ युनिट. फरक दोनशेच्या वर. महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये असणाऱ्या घराला हे जाणवतं. पण पर्यावरण म्हणून नवं घ्या असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. २००४ च्या सुमारास संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडलं होतं की एक डेस्कटॉप आणि सतरा इंची काचेचा मॉनिटर बनवायला किमान २४० किलो इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड टन पाणी लागतं. म्हणजे चालवण्याआधीच मशीननं बरंच काही खाऊन टाकलेलं असतं. म्हणून चालण्यासारखं आय-थ्री आणखी पाच वर्षं चालवावं, आणि पेंटियम मात्र जिवंत होत असलं तरी रोजच्या कामाला लावू नये, असं माझं मत.

तर पेंटियम निकालात काढायचं ठरलं. काकांना वाटलं आता कबाड्याला हाक मारायची. मी म्हटलं, थांबा, आधी डिस्क.

त्या डिस्कमध्ये मुलाची मार्कशीट, घराच्या रजिस्ट्रीचं स्कॅन, काकूंच्या पासबुकाचा फोटो. "फॉरमॅट मारला की गेलं ना सगळं?" नाही. झटपट फॉरमॅटमध्ये पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच असतात. चालू डिस्क दुसऱ्या मशीनला लावून पूर्ण फॉरमॅट करायचा, म्हणजे 'क्विक'ची खूण काढून. त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात, तास-दोन तास लागतात, घरगुती कामाला तेवढं पुरतं. एसएसडी असेल तर ही पद्धत नको, तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सिक्युअर इरेज' असतं ते वापरा. आणि डिस्क चालतच नसेल तर ड्रिलनं तबकडीच्या आरपार दोन-तीन भोकं. काकांनी हे काम मोठ्या हौसेनं केलं.

मग सुटे भाग. पेटी, म्हणजे नुसता पत्रा, खुशाल कबाड्याला. लोखंड वितळवून पुन्हा लोखंडच होतं, त्यात वाईट काही नाही, आणि त्याचा तो हक्काचा धंदा आहे. पण हिरवा बोर्ड आणि काचेचा मॉनिटर त्याला देऊ नका, ही एवढी एक गोष्ट मी हट्टानं सांगतो.

बोर्डात सोनं असतं हे खरं. एक टन कॉम्प्युटर बोर्डांतून दोनशे ग्रॅमच्या आसपास निघतं, खाणीच्या चांगल्या दगडात टनामागे काही ग्रॅमच असतं. पण काकांच्या एका बोर्डात ते ग्रॅमच्या दशांशात. ते काढायचा चोरटा मार्ग म्हणजे बोर्ड तव्यावर तापवून भाग सुटे करायचे आणि उरलेलं आम्लात बुडवायचं. देशभरातले बोर्ड हातोहात दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला पोचतात, तिथं हे काम घराघरांत चालत आलंय, बायका-पोरांच्या हातांनी. जुन्या बोर्डाच्या डाकात, म्हणजे सोल्डरमध्ये, शिसं, प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची आग-रोधक रसायनं. तांब्यासाठी वायरी जाळल्या की प्लास्टिकच्या धुरातून विषारी डायॉक्सिन. काचेच्या मॉनिटरच्या काचेत किलो-किलोनं शिसं असतं. कबाडी त्यातलं मागचं तांब्याचं वेटोळं काढून घेतो आणि काच फोडून टाकून देतो. आणि कचऱ्याच्या गाडीत टाकलं तर ते भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाणार, म्हणजे तिथल्या वस्तीच्या जमिनीत.

कायदा काय म्हणतो? ई-कचऱ्याचे सध्याचे नियम २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू. ज्या कंपनीनं माल विकला तिनं ठरलेल्या प्रमाणात जुना माल नोंदणीकृत रिसायकलरकडून मार्गी लावला पाहिजे. त्याचं प्रमाणपत्र तिला घ्यावं लागतं, आणि ते सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड या धातूंच्या हिशोबानं मिळतं. म्हणून ब्रँडेड मशीन असेल तर आधी कंपनीच्या साइटवर किंवा टोल-फ्री नंबरवर 'जुनं परत' अशी विचारणा करा. असेंबल्ड असेल तर नोंदणीकृत रिसायकलर आणि रिफर्बिशरांची (जुनं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांची) यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर आहे. राज्य मंडळाचं नागपूरचं कार्यालय सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात आहे, तिथंही चौकशी करता येते. मोठ्या संख्येनं उपकरणं वापरणाऱ्या संस्थांना तर नोंदणी असलेल्याकडेच माल देण्याचं बंधन आहे. कोणी दारात येऊन "आम्ही ई-वेस्टवाले" म्हणालं तर नोंदणीचा कागद आणि पावती मागा. कागद निघाला नाही तर तो नव्या टी-शर्टातला कबाडीच.

यूपीएसची बॅटरी या सगळ्यातून वेगळी ठेवा. ती शिशाची, तिला २०२२ चेच पण वेगळे बॅटरी नियम आहेत. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला द्यायची, तो किमतीत थोडं कमी करतो.

आळस म्हणा, नाइलाज म्हणा, पण आमच्या घरी पलंगाखाली बुटांच्या खोक्यात तीन मेलेले बोर्ड पडून आहेत. एकट्या बोर्डासाठी कोणी गाडी पाठवत नाही, म्हणून साठवतोय. आता कॉलनीतल्या पाच-सहा घरांचं मिळून एकदम बोलवायचं चाललंय. काकांचा बोर्ड चौथा म्हणून त्याच खोक्यात गेला. काचेचा मॉनिटर त्यांच्या माळ्यावरच थांबलाय, गाडीची वाट बघत.

हॉलमधलं आय-थ्री आता मिंटवर चालतं. कुलरच्या झोतातून काढून भिंतीच्या पलीकडे ठेवलंय. काकांची एकच तक्रार, पत्त्यांचा तो जुना सॉलिटेअर तसाच दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात कबाडी आला. काकांनी त्याच्यासमोर पेंटियमची रिकामी पेटी ठेवली. त्यानं ती काट्याला अडकवली, आत वाकून पाहिलं, हात फिरवला.

"इसमें तो कुछ बचाच नहीं, काका."

"लोहा आहे ना," काका म्हणाले, "तेवढ्याचेच दे."